दंडावरची निळी बोटं

करवत्याच्या दंडावर चार निळी बोटं उमटलेली पहिल्यांदा पाहिली ती त्याच्या बायकोने, सकाळी त्याला आंघोळ घालताना. चार बोटं पुढून आणि अंगठा मागून, कुणीतरी दंड गच्च आवळल्यासारखी. तिने ती ओल्या हाताने चोळून पाहिली. जाईनात. मग तिने, का कोण जाणे, आपलाच हात त्या डागांवर ठेवला. बोटाला बोट बरोबर बसलं.

तिने हात असा काढला, जणू तापलेल्या इस्त्रीला लागला होता.

"अहो, मी जोरात धरलं का काल?"

"वखार उघडली का?" त्याने विचारलं.

करवत्याची वखार सुटून बरीच वर्षं झाली होती. सगळा जन्म त्याने लाकडाच्या वखारीत करवतीवर काढला, म्हणून गल्ली त्याला करवत्या म्हणायची. अलीकडे त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती. जेवलो की नाही ते आठवायचं नाही, पण कुठलं झाड कुठल्या उतारावर होतं ते बरोबर सांगायचा. बायको रस्त्याकडच्या खोलीत लाँड्री चालवायची. हॉटेलाचे टेबलक्लॉथ, दवाखान्याच्या चादरी, लोकांचे शर्ट. दोघींनी दोन टोकं धरून पिळायची चादर ती एकटी पिळायची, तीही अजून, या वयात. गल्लीत तिला इस्त्रीवाली म्हणत आणि तिच्या मनगटांची थट्टाही करत.

त्या हातांनीच ती नवऱ्याला खुर्चीतून उठवायची, पलंगावर बसवायची, न्हाणीत न्यायची. दंड धरल्याशिवाय तो सहसा उठायचा नाही. आज नाही, गेले कित्येक महिने हेच चाललं होतं. डाग कधी पडले नव्हते.

आता पडायला लागले. दंडावर, मग नडगीवर, मग गुडघ्याच्या बाजूला, जिथे पलंगाचं लाकूड लागतं. दात घासताना चुळीचं पाणी लालसर यायला लागलं. इस्त्रीवाली स्वतःवर पाळत ठेवू लागली. उठवताना आपण किती दाबतो, रागात असलो तर जास्त दाबतो का, हे ती बघायची. पण बघायला लागलं की हात आपला राहत नाही, परका होतो. काल आपण ओरडलो होतो, हे तिला आठवत होतं. ओरडताना हात कुठे होता, ते आठवत नव्हतं.

ओरडण्याचं कारण रोजचंच होतं. पाला.

गावाबाहेरच्या रानात मोठ्या झाडांच्या सावलीला एक बुटकी वनस्पती उगवते. बारीक दांडा, त्याभोवती चांदणीसारखी गोल मांडलेली पानं आणि वर पांढरी नखाएवढी फुलं. तिकडचे लोक तिला उशीपाला म्हणतात. ताजी असताना तिला वास नसतो म्हटलं तरी चालेल. सुकली की मात्र कापलेल्या गवतासारखा गोड वास सुटतो आणि तो वर्षभर टिकतो. कुणी ती उशीत भरतं, कुणी लोकरीच्या कपड्यांत कसर लागू नये म्हणून ठेवतं. झोप येत नसेल, पोटात गुबारा धरला असेल, तर चिमूटभर पाला गरम पाण्यात घालून पितात. जास्त घेतला तर डोकं धरतं, एवढं सगळ्यांना माहीत. करवत्या रोज संध्याकाळी एक कप प्यायचा आणि लाकडाच्या ओंडक्यासारखा झोपायचा.

दरवर्षी पाला तोच आणायचा. आणायचा, जुड्या बांधायचा, माळ्यावर खिडकीपाशी दोरीला उलट्या टांगायचा. इस्त्रीवालीने त्यात कधी लक्ष घातलं नाही. माळा त्याचा, इस्त्रीचं टेबल तिचं, असा जुना करार होता. यंदा त्याला रानात एकटं सोडणं शक्य नव्हतं. म्हणून ती स्वतः गेली आणि दोन पिशव्या भरून घेऊन आली. निवडला, झटकला, उन्हात घातला आणि पांढऱ्या कापडात घट्ट गुंडाळून इस्त्रीच्या खोलीतल्या कपाटात ठेवला, चादरींच्या खालच्या खणात. टापटीप. माळ्यावरच्या जुड्यांमुळे घरभर पडणारा कचरा तिला कधीच आवडला नव्हता.

पण करवत्या कप तोंडापाशी नेऊन मागे सारायचा.

"हा तो नाही."

"तोच आहे. मी माझ्या हाताने आणलाय."

"वास कुठाय?"

वासाचं तिला विचारून उपयोग नव्हता. साबणाच्या आणि ब्लीचच्या वाफेत तिचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. दूध करपलं तरी धूर दिसल्यावर कळायचं. तिला वाटलं, याच्या डोक्यातून आता वाससुद्धा गळाला. आणि तो झोपत नव्हता, म्हणून तिने पाला वाढवला. चिमटीची मूठ झाली. तो तोंड फिरवायचा, ती "प्या हो, हट्ट करू नका" म्हणून ओरडायची, आणि तो शेवटी प्यायचा.

रविवारी लेक आली. ती बसने दीड तासावर राहायची. बाबांचा शर्ट बदलताना तिचा हात थांबला.

"आई, हे काय आहे?"

"डाग आहेत."

"ते दिसतंय मला. कशाचे?"

"काय माहीत बाई."

"काय माहीत म्हणजे? घरात तिसरं कोण आहे?"

इस्त्रीवाली चादरीची घडी घालत होती. ती घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली.

"बाबा, कुणी धरलं तुम्हाला?" लेकीने वाकून विचारलं.

"ही धरते की," करवत्या म्हणाला. "रोज धरते."

लेक शर्टाची बटणं लावत राहिली. मग आईला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटलं.

"तू दमतेस, मला कळतं. एकटीने सगळं बघायचं म्हणजे... माणसाचा हात उठतो कधीतरी."

"माझा हात इस्त्रीवर उठतो."

"मी भांडत नाहीये आई. नुसतं सांग."

इस्त्रीवालीला "नाही" म्हणायचं होतं. ते तोंडाशी आलंही. पण तेवढ्यात तिला दंडावर ठेवलेला आपला हात आठवला, बोटाला बसलेलं बोट आठवलं, आणि "नाही" अडकलं. "मला नाही वाटत," ती म्हणाली. ते ऐकल्यावर लेकीचा चेहरा असा झाला, की "हो" म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"डॉक्टरांना दाखवूया," आईच म्हणाली.

"आणि त्यांनी विचारलं, कुणी केलं, तर मी काय सांगू? माझ्या आईने?"

म्हणून डॉक्टरांकडे कुणी गेलं नाही. लेक बाबांना आपल्या घरी घेऊन गेली. "थोडे दिवस राहू देत," म्हणाली. थोडे म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. टॅक्सीत बसताना करवत्याने बायकोला विचारलं, "तू नाही येत वखारीत?"

घर रिकामं झालं. इस्त्रीवाली दिवसभर शर्ट करायची आणि मधूनच थांबून आपले हात बघायची. एका दुपारी तिने डाव्या दंडाला उजव्या हाताने जीव खाऊन दाबलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं. काही नाही. मग तिला वाटलं, आपली कातडी राठ, यावरून काय ठरवायचं. भिंतीपलीकडे राहणारी शिंपीण इस्त्री करायचे शर्ट घेऊन आली, तेव्हा ती म्हणाली, "इकडे ये गं. दंड दे तुझा."

"का? कुस्ती खेळायचीय?"

"दे तर. आणि ओरडू नकोस."

तिने करवत्याला धरायची तसंच धरलं, खुर्चीतून उठवलं आणि सोडलं.

"आता उद्या येऊन दाखव."

"तुझं डोकं फिरलंय का?" शिंपीण दंड चोळत म्हणाली. "काय दाखवू?"

दुसऱ्या दिवशी शिंपीण बाही वर करूनच आत आली. "हे घ्या, तपासा! कुठेही डाग नाही. नवऱ्याने विचारलं, कुणाला दाखवायला चाललीस, तर सांगितलं, शेजारणीला हौस आलीय."

इस्त्रीवाली हसली नाही. तिला काहीच कळेनासं झालं. शिंपीण आपल्याच वयाची, कातडी तशीच सैल. मग त्याच्याच अंगावर का उमटतं? की त्याला धरताना आपण वेगळं धरतो? शिंपिणीवर आपला राग नाही. त्याच्यावर आहे का? असला, तर तो असा कसा येतो, की आपल्यालाही पत्ता लागत नाही?

लेकीचा फोन आला. "बाबांचे डाग पिवळे पडलेत. जातायत."

"बरं झालं."

"नवीन एकही नाही."

"बरं झालं," ती पुन्हा म्हणाली.

पण करवत्या तिकडे झोपेना. संध्याकाळपासून घरभर फिरायचा, कपाटं उघडायचा, जावयाचे बूट घालून दारात उभा राहायचा. शेवटी लेकीने विचारलं, "तो पाला प्यायचे ना बाबा? आहे का घरी?" इस्त्रीवालीला हायसं वाटलं. निदान एक गोष्ट तरी आपल्याकडे मागितली. जावई गुंडाळी न्यायला आला. चांगला माणूस, बसगाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात काम करायचा, बोलायचा कमी.

"मूठभर घालायचा," तिने सांगितलं. "तोंड वाकडं करतात. प्यायला लावा."

"लावतो," जावई म्हणाला.

पुढच्या आठवड्याच्या मध्यावर फोन वाजला. लेकीचा आवाज ओळखू येत नव्हता.

"आई, मी नाही गं जोरात धरलं."

"काय झालं?"

"डाग आलेत. दंडावर, पाठीवर. मी धरलं होतं, पण हळू. आणि यांनी काल त्यांना जिन्यावरून उतरवलं. मी यांना विचारलं, तर हे जेवण टाकून निघून गेले. आई, मी काय विचारून बसले..."

इस्त्रीवालीला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, छातीवरचा दगड उतरला. म्हणजे मी नव्हे! आणि मग लगेच त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली.

"नाकातून रक्त येतंय," लेक म्हणाली. "थांबतच नाही."

"मग फोनवर काय बोलतेस? दवाखान्यात ने!"

ती स्वतः पोचली तेव्हा करवत्या दवाखान्याच्या खाटेवर नाकात कापूस घालून बसला होता. खाटेवरची चादर तिने सवयीने दोन बोटांत धरून पाहिली. नीट वाळवलेली नव्हती. जावई खिडकीपाशी उभा होता, लेक दुसऱ्या टोकाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांच्या हातात रक्ताच्या तपासणीचा कागद होता.

"यांचं रक्त गोठतच नाहीये," त्या म्हणाल्या. "जरासा धक्का लागला तरी आत रक्त पसरतं. डाग त्याचेच आहेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या कोण घेतं घरात? चुकून यांनी घेतल्या असतील."

कुणीच घेत नव्हतं.

"दुसरं काही? हृदयाचं, सांध्यांचं, कसलंही औषध?"

"काही नाही," लेक म्हणाली.

"काही नाही," जावई म्हणाला.

"झोपेसाठी?"

"काही नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "पाला तेवढा."

"कसला पाला?"

त्यावर तिघंही एकदम बोलायला लागली. रानातला, साधा, पिढ्यान्‌पिढ्या लोक पितात, औषध नाहीच ते. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकलं आणि गुंडाळी घेऊन यायला सांगितलं. मग करवत्याला एक इंजेक्शन दिलं आणि त्याला तिथेच ठेवून घेतलं.

गुंडाळीतली थोडी पानं त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे पाठवली. रानात सारखीच दिसणारी दोन झाडं असतात, एक बरं, एक विषारी. आजीबाईंनी चुकीचं तोडलं असेल, असा डॉक्टरीणबाईंचा तर्क होता. इस्त्रीवालीलाही तोच पटला. रात्रभर ती रानातली प्रत्येक चांदणी डोळ्यांपुढे आणत बसली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, तो उलटाच. झाड बरोबर होतं. उशीपालाच.

"मग?" लेकीने विचारलं.

"तेच मलाही कळत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याने कुणाच्या नाकातून रक्त आल्याचं मी ऐकलं नाही." त्यांनी गुंडाळी उघडली, नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. "हा असाच असतो का?"

लेकीने वास घेतला. "कुबट आहे. मला वाटलं, औषधी आहे म्हणजे असाच असणार."

जावयाने घेतला. "ओल्या तळघरासारखा येतो. मी म्हणणार होतो. म्हटलं, सासूबाईंच्या घरची वस्तू, कशाला नाव ठेवा."

सगळ्यांनी इस्त्रीवालीकडे पाहिलं. "मला वास येत नाही," ती म्हणाली.

"मी सांगत होतो," खाटेवरून करवत्या म्हणाला. "तो वास नाही त्याला. कोण ऐकतं?"

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून इस्त्रीवालीजवळ बसल्या. "आजी, हा सुकवला कसा, ते मला सांगा."

"सुकवायचं काय त्यात? उन्हात घातला. कडक झाला. मग पाणी मारलं."

"पाणी?"

"थोडंच. असं." तिने हाताची पाचही बोटं झटकून दाखवली. "मग गुंडाळला घट्ट आणि मुरायला ठेवला."

"कशासाठी?"

हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. कडक वाळलेल्या कपड्याला इस्त्री लागत नाही. त्यावर पाणी शिंपडायचं, गुंडाळी करायची, ओल सगळीकडे सारखी मुरू द्यायची. मग कापड मऊ येतं, मोडत नाही. हे ती लहान मुलगी होती तेव्हापासून करत आली होती. पाला हातात घेतला तर त्याचा चुरा व्हायला लागला, तेव्हा तिच्या हातांनी तिला न विचारताच पाणी मारलं होतं.

"नाहीतर चुरा होतो ना," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी गुंडाळीचा मधला थर बोटाने उलगडला. पांढुरकी, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. लाँड्रीच्या वाफेच्या खोलीत, बंद कपाटात ती मजेत वाढली होती.

त्यांनी सांगितलं ते असं. या पाल्याला सुकल्यावर ज्या द्रव्यामुळे गोड वास येतो, त्याच्यावर बुरशी बसली की त्याचं दुसरंच काहीतरी होतं, आणि ते रक्त गोठू देत नाही. कुजलेलं गोड गवत खाऊन गुरं अशीच रक्त वाहून दगावतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या त्यावरूनच निघाल्या. "पण हे मी पुस्तकातलं सांगतेय. यांना यानेच झालं हे तपासणी आल्यावर म्हणेन. तोवर हा पाला कुणी तोंडात घालायचा नाही. आणि पुढे चांगला सुकवलेला मिळाला, तरी मला विचारल्याशिवाय नाही. म्हातारं माणूस, पोटुशी बाई, यकृताचं दुखणं असलेला, गोळ्या चालू असलेला, कुणालाच असं आपल्या मनाने द्यायचं नाही. मूठभर तर नाहीच नाही."

"म्हणजे आईने मारलं नव्हतं," लेक हळूच म्हणाली. तिने आईचा हात धरला. "सुटलीस गं."

"कशातून?" इस्त्रीवालीने विचारलं.

तिला खरंच समजत नव्हतं. मारलं नाही, हे खरं. पण डाग तिच्याच बोटांचे होते, हेही खरं. पाला तिनेच आणला, तिनेच भिजवला, तो नको म्हणताना तिनेच पाजला. मायेने केलं. माया आणि मार, दोन्हींचा रंग एकच, निळा. मग कशातून सुटली? जावई पुढे आला आणि "आई, चहा घेणार?" एवढंच म्हणाला. लेकीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. त्या दोघांतलं मिटलं असावं.

रक्ताची तपासणी पुन्हा झाली, ठीक आली, तेव्हा करवत्याला घरी सोडायचं ठरलं. लेक म्हणाली, "बाबांना आपल्या घरी घेऊन जा आई. मी येते चार दिवस सोबत."

"तुझ्याकडेच राहू दे."

"का आता?"

"मला धरवणार नाही त्यांना."

तिने खरोखरच त्याला हात लावला नव्हता इतक्या दिवसांत. दवाखान्यात नर्स उठवायची, लेक उठवायची. ती बाजूला पदराखाली हात धरून उभी असायची. लेक तिला समजावू लागली, ती मान हलवू लागली. दोघी अशा दारात बोलत असताना करवत्याला कंटाळा आला. "चला, वखार उघडायची आहे," म्हणत तो आपणच उठला, एक पाऊल टाकलं आणि उंबऱ्यात अडखळला.

इस्त्रीवालीने त्याला धरलं. विचार करायला वेळच नव्हता. ओली चादर पिळताना धरावी तसा गच्च दंड धरला आणि त्याला उभं केलं.

मग तिच्या लक्षात आलं आणि ती पांढरीफटक पडली. पण सोडता येईना. सोडलं तर तो पडला असता.

"असं धर," करवत्या म्हणाला. "ते बाकीचे धरतात ते काय धरणं?"

ती त्याला तसंच धरून टॅक्सीपर्यंत घेऊन गेली, आणि टॅक्सी तिच्या घराकडे वळली.

दुसऱ्या सकाळी आंघोळीआधी लेकीने बाबांचा सदरा काढला. न्हाणीत उजेड कमी होता, म्हणून त्याला खिडकीपाशी आणलं. जुने डाग फिकट पिवळे होते, कडा विरलेल्या. इस्त्रीवाली मागे उभी राहिली.

"आहे?"

"थांब गं, बघू दे."

"अंगठ्याच्या तिथे बघ. मागून."

लेकीने दंड फिरवला, पुन्हा फिरवला. "नाही. काही नाही."

"नीट बघितलंस?"

"तू बघ ना."

इस्त्रीवाली पुढे आली. तिला वाटलं, एक डाग आहे. मग वाटलं, ती सावली आहे. तिने आपला हात हळूच त्या जागी ठेवला, बोटं जिथे पडली असतील तिथे, आणि खाली काही निळं दिसतंय का ते बोटांच्या फटींतून बघत राहिली.

"गार आहे हात," करवत्या म्हणाला. "काढ."

तिने काढला नाही.